पानांच्या गोदामातला उन्हाळा

खालच्या मजल्यावरची मुलगी गेले आठ दिवस मोठ्यानं पाठांतर करते आहे. दहावीला आहे. सकाळी सहाच्या सुमाराला तिचा आवाज सुरू होतो आणि जिन्यातून, भिंतीतून गाळून माझ्या स्वयंपाकघरात येतो. शब्द कळत नाहीत, पण ती कुठे अडली ते बरोबर कळतं. ती अडली की माझाही हात पोळपाटावर थांबतो. ती पुढे गेली की लाटणं पुढे जातं.

मार्चमधलं सोलापूर तसं फार बदललेलं नाही. नऊ वाजताच पत्रे तापायला लागतात, कडुलिंबाला बारीक पांढरा मोहर येतो आणि त्याचा कडवट गोड वास दुपारच्या झळांवर तरंगत राहतो. शाळांच्या फाटकांवर पोलीस बसतात. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि परीक्षेच्या दिवसांत फाटकावर खाकी कपडे दिसले, की दर वर्षी मी नजर खाली घालून भरभर आत शिरायची. सोबतच्या बाई हसायच्या. म्हणायच्या, "विजयाबाई, पेपर पोरांचा आहे. तुम्ही कशाला घाबरता?" मी पेपरांचा गठ्ठा उचलून वर्गाकडे निघायची. भिंतीपलीकडचा आवाज कान देऊन ऐकणं म्हणजे काय, हे मी एका उन्हाळ्यात शिकले. तेव्हा मी दहावीला होते. देशात आणीबाणी होती, आणि माझी आई भिंतीपलीकडे होती.

आईला आम्ही अम्मा म्हणायचो. आमचं घर तेलुगू, विणकरांचं. वडिलांना मी नाना म्हणायची. ते चादरीच्या मागावर बसायचे आणि दिवसभरात दहा वाक्यंही बोलायचे नाहीत. त्यांच्या वाट्याचं बोलणंसुद्धा अम्माच बोलायची. तिचं नाव भूदेवी. शहराच्या पूर्व भागात, जिथे दर उंबऱ्यावर एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असायची, तिथे तिला सगळ्या अक्का म्हणायच्या.

अम्मा चौदाव्या वर्षी लग्न होऊन त्या गल्लीत आली आणि आठ दिवसांत विड्या वळायला बसली. पुढारीपण तिनं मागून घेतलं नाही. नळावरच्या भांडणात ती मधे पडायची आणि दोघींना पटेल असा निवाडा करायची, एवढीच तिची तयारी. गिरणीतल्या युनियनचे लोक विडीवाल्या बायकांना संघटित करायला आले, तेव्हा त्यांना बोलणारी बाई हवी होती. गल्लीनं अम्माकडे बोट दाखवलं. पहिल्या सभेत ती इतकी घाबरली होती म्हणे, की पदराचं टोक तोंडात धरूनच स्टुलावर चढली. पण एकदा पदर सुटला तो सुटलाच. तिचं भाषण तेलुगूत सुरू व्हायचं, मागण्या मराठीत यायच्या आणि मालकाचा विषय निघाला की ती दखनी उर्दूवर उतरायची, कारण चिडायला तीच भाषा बरी, असं तिचं मत होतं. बायका हसून लोळायच्या आणि मग तिच्या मागे चालायला लागायच्या.

तिची मुख्य लढाई छाटीशी होती. बाईनं घरी वळलेल्या विड्या कारखान्याच्या ब्रँचवर नेऊन द्यायच्या. तिथला चेकर त्या बोटांनी चाचपून बघायचा आणि मनाला येतील तेवढ्या बाजूला टाकायचा. त्या बाजूला टाकलेल्या म्हणजे छाट. ही सैल आहे, ही आखूड आहे, हिचं पान फाटलंय. बाईला ती विडी परत दाखवायची पद्धत नव्हती. ती छाट ब्रँचमध्येच राहायची आणि पुढे तिचं काय व्हायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाजारात जाऊन ती चांगल्या विडीसारखीच ओढली जायची. दिवसभर मान मोडून केलेलं काम एक माणूस दोन बोटांनी नापास करतो आणि का ते सांगत नाही. अम्माच्या डोक्यात याची आग होती.

आमच्या ब्रँचचा चेकर मल्लिनाथ. अक्कलकोटकडचा लिंगायत, चाळिशीचा, उंच, कपाळाला विभूती. मराठी बोलताना मधेच कानडीत घसरायचा. ब्रँच म्हणजे पुढे विड्या घेण्याची खोली, तिच्यामागे लाकडी फळ्यांच्या आडोशापलीकडे पानांचं गोदाम, आणि गोदामाच्या मागे कारखान्यानं चेकरला दिलेल्या दोन खोल्या. मागच्या बोळात उघडणारं एक दार. तिथे तो आणि त्याची बायको महादेवी राहायचे. त्यांना मूल नव्हतं.

आणीबाणीत संपावर बंदी आली, युनियनचे बरेच जण आत गेले. अम्माला दोघा-तिघांनी सांगितलं, काही दिवस गप्प राहा. ती गप्प राहिली नाही. माझी परीक्षा तोंडावर आली असताना एका दुपारी ती मला घेऊन ब्रँचवर गेली. विड्या घेणं संपलं होतं, बायका घरी गेल्या होत्या. पोशव्वा नावाच्या आमच्या शेजारच्या म्हातारीच्या निम्म्याअधिक विड्या त्या दिवशी छाटीत गेल्या होत्या आणि अम्मा त्याचा जाब विचारायला आली होती. मी दारात रिकामी टोपली धरून उभी. अम्मा मराठी ओलांडून दखनीत पोचली होती, मल्लिनाथ मान खाली घालून तराजू पुसत होता. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर जीप वाजली.

त्या काळी आमच्या भागात जीप एकाच कामासाठी यायची.

मल्लिनाथनं मान वर केली. रस्त्याकडे बघितलं, अम्माकडे बघितलं. मग आडोशातलं फळीचं दार ढकलून म्हणाला, "आत व्हा बाई."

अम्मा जागची हलली नाही. मला वाटतं, तिला ऐकूच गेलं नव्हतं.

"आत व्हा की हो!" तो दबक्या आवाजात ओरडला आणि तिच्या दंडाला धरून त्यानं तिला आत लोटलं. परक्या बाईला हात लावणारा तो माणूस नव्हता. दार लावून तो परत तराजू पुसायला लागला.

दोन पोलीस आत आले. "भूदेवी आली होती काय हितं?"

"आली होती. लई भांडली आन गेली," मल्लिनाथ म्हणाला. "ही तिची पोरगी. टोपली न्यायला थांबलीय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "जा गं घरी. सांग आईला, उद्याच्यानं विड्या नीट आण म्हणावं."

मी घरी गेले. 

पुढे कितीतरी वर्षांनी, अम्मा वारल्यावर, मल्लिनाथ आम्हाला भेटायला आले होते. केस पांढरे, हातात काठी. चहा देताना मी त्यांना विचारलं, "त्या दिवशी तुम्ही तिला आत का घेतलंत?" त्यांनी चहा बशीत ओतला. म्हणाले, "विचार करून घेतलं असतं तर घेतलंच नसतं बघ. जीप दारात. तुझी आई समोर हुबी. हात पुढं झाला, एवढंच. नंतर लई भ्यालो मी. पण घेतलेलं मानूस भायेर कसं काढायचं?"

मला वाटतं, हे त्यांनी खरं सांगितलं.

अम्मानं त्या गोदामात अडीच महिने काढले.

पानं म्हणजे तेंदूची, विडीला गुंडाळायची. पोत्यांच्या थप्प्या छपरापर्यंत, मधे एक माणूस आडवं होईल एवढी जागा. वर पत्रा. खिडकी नाही. पत्र्याला पडलेल्या दोन भोकांतून उन्हाचे दोन कवडसे यायचे आणि दिवसभर पोत्यांवरून सरकत राहायचे. अम्मा म्हणायची, तिचं घड्याळ तेच. वाळल्या पानांचा वास सुरुवातीला बरा वाटतो, जंगलासारखा. मग तो नाकात, घशात, केसांत, भातात शिरतो. पोत्यांत विंचू निघायचे. महादेवीनं तिला एक चटई दिली होती, एक तांब्या आणि हातात धरायला जुनी चप्पल, विंचवासाठी. पानांमुळे दिवा लावायची सोयच नव्हती. दुपारी पत्रा तापला की आत भट्टी व्हायची आणि अम्मा लुगडं पाण्यात पिळून अंगावर घेऊन बसायची. नहाणीला, मोरीला जायचं ते महादेवी दार वाजवेल तेव्हाच. दोन हजार बायकांना घेऊन रस्त्यानं चालणारी बाई तिथे चार पावलं चालून वळायची. पुढे चार, मागे चार.

पण हे सगळं तिला सोसलं असतं. तिला सोसलं नाही ते वेगळंच होतं. फळ्यांच्या आडोशापलीकडे बायका रांगेत उभ्या राहायच्या आणि तिला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू यायचा.

आमच्या घरच्या विड्या आता मीच वळायची. सकाळी वळायच्या, दुपारी पेपर, पेपर नसेल त्या दिवशी अकराला ब्रँचवरची रांग. रांगेत उभं राहिलं की समोर मल्लिनाथ, त्याच्या मागे त्या काळपट फळ्या आणि फळ्यांमागे माझी आई. माझ्या पुढे बायका बोलायच्या.

"अक्का पळाली की गं."

"पळंल न्हाईतर काय करंल? पोलीस सोडत्यात व्हय?"

"आपल्याला हितं टाकून पळाली. निस्ती भाषणं."

मी फळ्यांकडे बघायची नाही. बघितलं तर माझ्या चेहऱ्यावर दिसेल असं वाटायचं. मल्लिनाथ विड्या चाचपत राहायचा. त्याची बोटं मात्र त्या दिवसांत हळू चालायची. सुरुवातीचे आठ-दहा दिवस छाट अगदी कमी निघाली. बायका चकित झाल्या. मला कारण माहीत होतं. तो जे काही बाजूला टाकत होता, ते मागे कुणीतरी ऐकत होतं.

मग एक दिवस शेठ ब्रँचवर आला. हे मला अम्मानं सांगितलं. पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून तो म्हणाला होता, "छाट का कमी निघायलीय, मल्लिनाथ? डोळे गेले काय? दुसरा बघू का तुझ्या जागी?"  दुसऱ्या दिवसापासून छाट पहिल्यापेक्षाही वाढली.

त्या दिवसापासून अम्माचा आवाज बदलला. मी अधूनमधून महादेवीला शेंगा फोडायला मदत करायच्या निमित्तानं मागच्या बोळानं जायची. अम्मा मला विचारायची, पेपर कधी आहे, नाना वेळेवर जेवतात का. मग एकदम म्हणायची, "काल त्यानं आपल्या गल्लीतल्या यल्लम्माच्या विड्या किती टाकल्या ऐकलंस? मला मोजता आल्या. टाकताना आवाज येतो." तिला अक्षरं येत नव्हती, पण विडी पत्र्याच्या डब्यात पडल्याचा आवाज तिला लांबूनही मोजता यायचा. "आणि दुपारी तोच मला भाकरी आणून देतो. मी खाते. काय करू? उपाशी राहू? राहून बघितलं. एक दिवस. महादेवी रडायला लागली."

दुपारी जेवण घेऊन आला, की मल्लिनाथला ती बोलायची. दबक्या आवाजात, पण सोडायची नाही. तो पोत्याला टेकून बसायचा आणि ऐकून घ्यायचा. एकदा मी तिथे होते. अम्मा म्हणाली, "चेकर, तुमचं अन्न खाते मी. तुमच्यावर बोलायची लाज वाटते मला. पण त्या बायकांनी कुणाकडं जायचं?"

तो म्हणाला, "मी सोडलं तर दुसरा येतो, अक्का. तो माझ्याहून वंगाळ असंल."

"हे सगळेच म्हणतात."

"खरं हाय म्हनून म्हनतात."

अम्मानं भाकरीचा तुकडा मोडला आणि मान खाली घालून खायला लागली. 

माझी परीक्षा चालू होती. आमच्या शाळेच्या फाटकावर एक हवालदार बसायचा. बंदोबस्तासाठी, पण आमच्या गल्लीतही तोच साध्या कपड्यांत दिसायचा, तेव्हा मला कळलं होतं, की तो माझ्यावर नजर ठेवतो आहे. आई पोरीला भेटायला कधीतरी येईलच, असं त्यांना वाटत असणार. पेपर सुटला की तो विडी विझवून उभा राहायचा आणि विचारायचा, "कसा गेला पेपर?" मी म्हणायची, "बरा गेला." अम्मा गोदामात, नाना मागावर. त्या परीक्षेत मला पेपर कसा गेला म्हणून रोज विचारणारा तो एकच माणूस होता. बीजगणिताच्या दिवशी मी उत्तर न देता रडले, तेव्हा त्यानं बाजूच्या गाड्यावरून मला उसाचा रस घेऊन दिला. मी तो प्यायले. तो चांगला माणूस होता आणि माझ्या आईला पकडायला बसला होता. त्या उन्हाळ्यात माझ्याभोवती अशीच सगळी माणसं होती. मनासारखा राग कुणावरच धरता येत नव्हता.

एक दिवस पोशव्वा रांगेत माझ्यापुढे होती. तिचे हात थरथरायचे, त्यामुळे तिच्या विड्या खरंच थोड्या सैल असायच्या. मल्लिनाथनं त्या चाचपल्या आणि जवळजवळ सगळ्याच बाजूला ढकलल्या. पोशव्वानं काही मागितलं नाही. ती तिथेच खाली बसली आणि लहान मुलासारखी रडायला लागली. तेलुगूत म्हणत होती, आता घरी जाऊन काय सांगू, काय सांगू.

फळीवर आतून दणका बसला. एकच. मुठीचा.

खोलीतलं बोलणं बंद झालं. मल्लिनाथची बोटं सुपातल्या सुपात थांबली.  मग तो जोरात म्हणाला, "घुशी झाल्यात गोदामात. पोती पाडायल्यात."

पोशव्वानं रडणं थांबवलं. तिनं फळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझं तोंड बघूनच तिला कळलं असावं. पदरानं डोळे पुसत ती उठली आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "घुशीला मारू नको हं, सायब. औषध घालू नको. राहू दे तिला." आणि रिकामं सूप घेऊन निघून गेली. हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. तिच्या मुलालाही नाही.

मे सरत आला तसं नव्या पानांचं गाडं येणार असं कळलं. नवी पोती लावायला हमाल आत येणार, म्हणजे अम्माला निघावं लागणार. कुंभारीला तिची बहीण होती, तिथे जा असं मी म्हटलं. अम्मानं मान हलवली. ती म्हणाली, "आणखी एक गोदाम नको. मी जाऊन बसते त्यांच्यासमोर. तुरुंगात निदान बोलायला दुसरी बाई तरी असेल."

सोलापुरात हजर झाली असती, तर इतके दिवस कुठे होतीस याचा माग ब्रँचपर्यंत आला असता. म्हणून एका सकाळी महादेवीचं इरकल नेसून, कपाळाला विभूती लावून ती मागच्या बोळानं बाहेर पडली, एसटीनं कुर्डुवाडीला गेली आणि तिथल्या पोलिसांना म्हणाली, मी भूदेवी, मला धरा. त्यांना आधी खरंच वाटेना. कुठे लपली होतीस, असं तिला आठवडाभर विचारत होते. ती एकच सांगत राहिली, रेल्वेत. या गाडीतून त्या गाडीत. मी काठावर पास झाल्याचं तिला तुरुंगातच कळलं.

आणीबाणी उठली तेव्हा अम्मा सुटून आली. स्टेशनवर बायकांनी तिला उचललंच. हार, गुलाल, तिच्या नावाचा जयजयकार. पण घरी आल्यावर तिनं पाणी प्यायच्या आत बायकांनी मागणी सांगितली. पहिला मोर्चा आपल्या ब्रँचवर. दाबून ठेवलेलं सगळं उफाळून आलं होतं. चेकरला हाकला. यात कुणाचंच दुमत नव्हतं.

अम्मा तीन दिवस जेवली नाही म्हटलं तरी चालेल. आपण चेकरच्या घरात लपलो होतो हे सांगावं, तर शेठ मल्लिनाथला दुसऱ्या मिनिटाला काढणार. न सांगता गप्प बसावं, तर बायका म्हणणार, अक्का तुरुंगात जाऊन मवाळ झाली. आणि त्याच्याविरुद्ध बोलावं, तर त्याच्या भाकरी खाल्लेल्या. नाना तिच्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी त्यांच्या दहा वाक्यांतलं एक वापरलं. म्हणाले, "आधी त्यालाच विचार."

आम्ही दोघी मागच्या बोळानं गेलो. महादेवीनं दार उघडलं आणि अम्माला मिठी मारली. कशासाठी आलोय ते कळल्यावर ती चुलीपाशी जाऊन पाठ करून बसली. "आमचं घर जाईल, अक्का," एवढंच म्हणाली.

मल्लिनाथ म्हणाला, "नोकरी माझी, तोंड तुमचं. माझं काम मी केलं. तुमचं तुमी करा की. मला काय विचारायलाव?"

"माणसाचं नाव घेणार नाही मी," अम्मा म्हणाली. "छाट दाखवा, एवढंच मागणार. टाकलेली प्रत्येक विडी बाईला दाखवा आणि तिच्यासमोर मोडा."

"मागा," तो म्हणाला. "बरोबर हाय ते."

मोर्चा दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. ब्रँचसमोरचा रस्ता बायकांनी भरून गेला. अम्मा पायरीवर उभी राहून बोलली. चेकरचं नाव तिनं घेतलं नाही. खालून बायका ओरडत होत्या, नाव घे, अक्का, नाव घे. ती पुन्हा पुन्हा छाटीवर येत होती. दुपारी शेठ आला. गर्दी बघून त्यानं अंदाज घेतला, आणि हसतमुखानं म्हणाला की मागणी मान्य. छाट दाखवली जाईल, मोडली जाईल. इतके दिवस जे झालं ते या माणसाच्या मनमानीनं झालं, मला कल्पनाच नव्हती. आणि सगळ्यांसमोर त्यानं मल्लिनाथला कामावरून काढलं. आठ दिवसांत खोल्या रिकाम्या कर म्हणाला.

बायकांनी आभाळ दणाणून सोडलं. कुणीतरी अम्माच्या गळ्यात हार घातला. मल्लिनाथ दारात उभा होता. शेठच्या तोंडावर त्याला सांगता आलं असतं, की तुम्हीच विचारलंत, छाट का कमी निघते. त्यानं किल्ल्या काढून शेठच्या हातात दिल्या. आम्हा सगळ्यांत ते वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलेली एकच बाई होती, आणि ती पायरीवर हार घालून उभी होती.

अम्मानं हार काढला.

"थांबा," ती म्हणाली. तेलुगूत म्हणाली, मग मराठीत. "मी पळाले नव्हते. मी इथं होते. या फळ्यांच्या मागं. अडीच महिने. यानं लपवलं मला. तुम्ही काय काय बोललात ते सगळं ऐकलं मी. आणि शेठ याला काय बोलला तेही ऐकलं. छाट का कमी निघते म्हणून शेठनं विचारलं, याची जागा दुसऱ्याला देतो म्हणाला. माझ्या कानांनी ऐकलंय."

शेठ गाडीत बसून निघूनही गेला होता.  मग मागून एक तरुण आवाज आला. "मग इतका वेळ का न्हाई बोललीस, अक्का?"

अम्माला सांगता आलं असतं, की बोलले असते तर त्याची नोकरी गेली असती. पण नोकरी तर आत्ताच गेली होती. ती पायरीवरच खाली बसली.

त्यानंतर दोन दिवस ती ब्रँचसमोर बसली, चेकरला परत घ्या म्हणून. तिच्यासोबत पोशव्वा आणि आणखी पंधरा-वीस जणी. बाकीच्या रांगेत विड्या देऊन घरी जायच्या. ज्या माणसानं आपल्या विड्या वर्षानुवर्षं टाकल्या त्याच्यासाठी उन्हात कोण बसणार? मी त्यांना दोष देत नाही. तिसऱ्या दिवशी मल्लिनाथच बाहेर आला आणि म्हणाला, "उठा अक्का. लोक हसायलेत." त्यांचं सामान एका हातगाडीत मावलं. महादेवी अम्माकडे बघत नव्हती. मला म्हणाली, "आईला सांग, चटई तितंच ठिवलीय." मग दोघं अक्कलकोटच्या एसटीच्या दिशेनं चालायला लागले. महादेवी आमच्याकडे पुन्हा कधीच आली नाही.

त्याच वर्षी युनियनची निवडणूक झाली. अम्मासमोर उभी राहिली ती कमला, मोर्चातला तो तरुण आवाज. प्रचारात तिनं एकच प्रश्न विचारला. अडीच महिने अक्का कुणाच्या ताटात जेवली? अम्मानं प्रचार केलाच नाही. ती पडली, आणि थोड्याथोडक्या मतांनी नाही.

मला फार राग आला होता. तिच्यावर. आधीच सांगितलं असतंस किंवा मग कधीच सांगितलं नसतंस, असं मी तिला तोडून म्हणाले. ती पानं भिजवत होती. म्हणाली, "दोन्ही करून बघितलं मी मनात. दोन्हीकडून दार बंदच होतं. तुला उघडं दिसत असेल तर सांग." मला दिसत नव्हतं. आज पासष्टी ओलांडली, अजून दिसलेलं नाही. खालची मुलगी एखाद्या ओळीवर अडते, मागे जाते, पुन्हा तिथेच येऊन अडते, तसं माझं त्या दिवसांपाशी होतं.

निवडणुकीनंतरच्या सकाळी अम्मानं विड्या टोपलीत भरल्या आणि मला म्हणाली, चल. मी म्हटलं, मी एकटी देऊन येते. तिनं ऐकलं नाही. कितीतरी महिन्यांनी ती स्वतः रांगेत उभी राहिली. पुढे कमला होती, मागे पोशव्वा. बायका तिच्याकडे बघायचं टाळत होत्या. नवा चेकर टेरिकॉटच्या शर्टातला, घाईतला. शेठनं मान्य केलेल्या गोष्टीला कित्येक महिने झाले होते, पण छाट दाखवा असं म्हणायची एकीचीही छाती झाली नव्हती. नियम कागदावर होता आणि विड्या पूर्वीसारख्याच डब्यात पडत होत्या. कमलाच्याही पडल्या. ती नवी अध्यक्ष, पण रांगेत एकटी बाई म्हणून उभी राहिली की तोंड उघडत नाही, हे मी तेव्हा बघितलं.

अम्माची पाळी आली. चेकरनं मूठभर विड्या उचलून बाजूला टाकल्या.

"दाखवा," अम्मा म्हणाली.

त्याला कळलं नाही. "काय?"

"टाकलेली विडी दाखवा. काय वाईट आहे तिच्यात ते सांगा आणि माझ्यासमोर मोडा. ठरलंय तसं."

"एवढ्या रांगेत कुठं दाखवत बसू?"

"बसा की. आम्हाला घाई नाही."

तो हसला आणि पुढच्या बाईला हात केला. पोशव्वा पुढे झाली नाही. ती अम्माच्या मागे तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "तिच्या दाखव. मग माझ्या दाखव." तिच्या मागच्या बाईनंही टोपली पुढे केली नाही. दारातून बाहेर पडत असलेली कमला थांबली. मला वाटलं, ती निघून जाईल. ती परत आत आली, आपलं रिकामं सूप तिनं टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "माझ्या पण राहिल्यात दाखवायच्या."

चेकरनं रस्त्याकडे बघितलं. रांग दारातून बाहेर, उन्हात, पार नळापर्यंत गेली होती आणि एकही बाई हलत नव्हती. मग त्यानं डब्यात हात घातला, पहिली विडी बाहेर काढली आणि उजेडात धरली.